जुलैमध्ये सहा जणांचे कुटुंब, तंबू आणि सात राष्ट्रीय उद्याने: हा बेत कितपत योग्य आहे?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या जुलैमध्ये आम्ही सहा जण अमेरिकेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्यानांमधून साधारण दोन आठवड्यांचा प्रवास करण्याच्या विचारात आहोत. आम्ही दोघे, सध्या चौथीत असलेला मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि त्या सुमारास पुण्याहून येणारे सासू-सासरे. सासरे रोज सकाळी न चुकता फिरायला जातात. सासूबाईंचे गुडघे मात्र दुखतात, आणि जमिनीवर बसून पुन्हा उठणे त्यांना जड जाते.

सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने जायचे, तिथे मोठी गाडी भाड्याने घ्यायची, आधी दक्षिणेला आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटल रीफ, ब्राइस कॅन्यन आणि झायन पाहायचे, आणि मग उत्तरेला वळून ग्रँड टीटन व यलोस्टोन गाठायचे, असा कच्चा आराखडा तयार आहे. शक्यतो रोज रात्री तंबूतच राहावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. खर्च वाचेल हे खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे आजी-आजोबा आणि नातवंडे यांना मोबाइल आणि टीव्हीपासून दूर, एकमेकांच्या सहवासात काही दिवस मिळावेत, हा हेतू आहे.

हा बेत झेपण्याजोगा आहे का, आणि नसल्यास त्यातले काय गाळावे? तंबूच्या जागांचे आरक्षण केव्हा आणि कसे करावे? अस्वलांच्या प्रदेशात आपला रोजचा स्वयंपाक करता येतो का? आणि साठीच्या पुढच्या माणसांना तंबूत ठेवणे योग्य ठरेल का? ज्यांनी कुटुंबासह असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवारा यांचे उत्तर

आपला हेतू चांगला आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. या सातांपैकी दक्षिणेची पाचही उद्याने या वेळी सोडून द्यावीत आणि सगळे दिवस ग्रँड टीटन व यलोस्टोन यांना द्यावेत.

पहिला विचार नकाशाचा. सॉल्ट लेक सिटीपासून झायन दक्षिणेला आहे आणि यलोस्टोन उत्तरेला, आणि दोन्हीकडचे अंतर तीनशे मैलांहून अधिक आहे. म्हणजे आपला बेत हा एका प्रवासाचा नसून विरुद्ध दिशांच्या दोन प्रवासांचा आहे. मोअ‍ॅब (आर्चेसजवळचे गाव) किंवा झायनहून टीटनला जाण्यात एक अख्खा दिवस गाडीतच जाईल, आणि पाच वर्षांच्या मुलीला व दुखऱ्या गुडघ्यांच्या आजींना त्या दिवसाचा सर्वांत जास्त त्रास होईल.

दुसरा विचार उंचीचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. उन्हाळ्यात तंबूत राहायचे असेल तर उद्यानांची निवड त्यांच्या नावावरून करू नये. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि महिना पाहून करावी. आर्चेस आणि झायनची दरी साधारण 4,000 फुटांवर आहेत. जुलैमध्ये तिथला पारा दुपारी नेहमीच 38 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो, आर्चेसच्या पायवाटांवर सावली जवळजवळ नाहीच, आणि तापलेला खडक सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो. हॉटेलच्या वातानुकूलित खोलीत परतणाऱ्या प्रवाशाला हे निभावून नेता येते, पण तंबूतल्या माणसाला परतण्यासाठी दुसरी जागाच नसते. त्याच दिवसांत ग्रँड टीटनमधील सरोवरांचा काठ 6,800 फुटांच्या आसपास, तर यलोस्टोन सरोवर 7,700 फुटांहून उंचावर असल्यामुळे दुपार सुखद असते आणि रात्री पांघरूण लागते.

तिसरे कारण ऋतूचे. यलोस्टोनचे बहुतेक अंतर्गत रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सामान्य गाड्यांसाठी बंद असतात. गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेकडचा रस्ता तेवढा वर्षभर चालू असतो. युटा राज्यातील ही दक्षिणेची उद्याने मात्र एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये आपल्या सर्वोत्तम रूपात असतात, आणि मुलांच्या वसंतातील सुट्टीत त्यांना भेट देता येते. जुलै उत्तरेला द्यावा आणि एप्रिल दक्षिणेला, म्हणजे दोन्हींना न्याय मिळतो.

आता मुक्कामांविषयी. तंबू हलवण्याचा दिवस हा जवळपास वाया गेलेला दिवस असतो, कारण सकाळी दवाने ओला झालेला तंबू वाळवायचा, सहा जणांचे अंथरूण-पांघरूण गुंडाळायचे, गाडीत सामान बसवायचे, आणि संध्याकाळी मुले भुकेलेली असताना तेच सगळे उलट्या क्रमाने करायचे. म्हणून मुक्काम तीनच ठेवावेत. पहिला ग्रँड टीटनमधील कोल्टर बे येथे. सॉल्ट लेक सिटीहून तिथवर साधारण सहा तास लागतात. दुसरा यलोस्टोनमध्ये मॅडिसन किंवा ग्रँट व्हिलेज येथे, म्हणजे ओल्ड फेथफुल हे ठरावीक वेळाने उसळणारे उकळत्या पाण्याचे कारंजे आणि उष्ण झऱ्यांचा भाग जवळ पडतो. मॅडिसनहून ओल्ड फेथफुल अवघे 16 मैल आहे. तिसरा यलोस्टोनमधल्याच कॅन्यन या ठिकाणी, म्हणजे यलोस्टोन नदीची घळ, हेडन खोरे आणि पहाटे लवकर निघाल्यास लामार खोरे आटोक्यात येते. यलोस्टोनचा विस्तार जवळजवळ 9,000 चौरस किलोमीटर आहे, आणि आत इंग्रजी आठच्या आकाराचा मुख्य रस्ता 142 मैल लांबीचा आहे. वेगमर्यादा ताशी 45 मैलांची असली तरी रानगव्यांचा कळप रस्त्यावर आला की तासभर थांबावे लागते. एकाच ठिकाणी राहून सगळे पाहू म्हटले, तर रोजचा दिवस गाडीतच संपतो.

लालमाती यांचे उत्तर

उत्तरवारा यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु दक्षिणेची सगळी उद्याने त्यांनी एकाच मापाने मोजली आहेत, हे मला पटत नाही. ब्राइस कॅन्यनची कड 8,000 ते 9,000 फुटांवर आहे, आणि त्यांचाच उंचीचा निकष लावला तर ते जुलैमध्येही तंबूसाठी चांगले ठरते. सकाळी लवकर सनराइज पॉइंटवरून लाल सुळक्यांवर पडणारे ऊन पाहण्यासाठी आजी-आजोबांना फार चालावेही लागत नाही, कारण वाहनतळापासून कड जवळ आहे. कॅपिटल रीफमधील फ्रूटा येथे मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागा उद्याने चालवणाऱ्या सरकारी उद्यान सेवेने आजही राखल्या आहेत. जुलैच्या सुरुवातीला तिथे जर्दाळू पिकतात, बागेत उभे राहून खाल्लेल्या फळाचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि तंबूच्या जागा त्या बागांना लागूनच आहेत. लहान मुलांसाठी याहून योग्य मुक्काम मला ठाऊक नाही.

तरीही एक इशारा देणे आवश्यक आहे. जुलैच्या उत्तरार्धापासून युटामध्ये दुपारी वादळी पाऊस येऊ लागतो, आणि आकाश आपल्या डोक्यावर निरभ्र असतानाही दूरवरच्या पावसाचे पाणी अरुंद घळींतून काही मिनिटांत लोंढ्यासारखे येते. तिथे जायचेच ठरवले, तर घळींमधील पायवाटा त्या दिवशीचा पुराचा अंदाज उद्यानाच्या रक्षकांना (रेंजरांना) विचारल्याशिवाय धरू नयेत. मात्र दोन आठवड्यांत हे आणि यलोस्टोन दोन्ही बसवायचे असेल, तर यलोस्टोनमधील एक मुक्काम कमी करावा लागेल. माझ्यावर निवड सोपवली तर मी तो कमी करणार नाही.

नोंदवही यांचे उत्तर

आरक्षण आणि शुल्क यांविषयीच लिहिते, कारण बेत बहुधा तिथेच अडतो.

ग्रँड टीटनमधील तंबूच्या जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मुक्कामाच्या तारखेच्या सहा महिने आधी खुल्या होतात. जुलैच्या मध्यासाठी जानेवारीच्या मध्यात, जागा उघडण्याच्या वेळी संगणकासमोर बसलेले असावे, कारण चांगल्या जागा लगेच संपतात. खाते उघडणे, पत्ता व कार्डाचा तपशील भरणे ही कामे आदल्या दिवशीच उरकावीत. यलोस्टोनची व्यवस्था दुहेरी आहे. मॅडिसन, ग्रँट व्हिलेज, कॅन्यन, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही ठिकाणे झँटेरा ही कंपनी चालवते आणि त्यांचे आरक्षण 13 महिने आधीपर्यंत घेता येते, तर मॅमथसारखी ठिकाणे उद्यान सेवा स्वतः चालवते आणि ती रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतात. म्हणजे आपल्या जुलैसाठी झँटेराकडचे आरक्षण केव्हाच सुरू झाले आहे, आजच पाहावे. जागा नसल्या तरी धीर सोडू नये, कारण लोक बेत बदलतात आणि रद्द झालेल्या जागा पुन्हा दिसू लागतात. रोज ठरावीक वेळी पाहणाऱ्याला त्या मिळतात, असा माझा अनुभव आहे. फिशिंग ब्रिजला मात्र तंबू लावता येत नाही. अस्वलांच्या वावरामुळे तिथे केवळ पक्क्या भिंतींच्या वाहनांनाच परवानगी आहे. यलोस्टोनमध्ये एका जागेवर जास्तीत जास्त सहा जण राहू शकतात, म्हणजे आपण नेमके त्या मर्यादेत बसता.

शुल्काचे नियम 1 जानेवारी 2026 पासून बदलले आहेत आणि आपल्याला ते नीट समजून घ्यावे लागतील. अमेरिकेतील रहिवाशांसाठी वार्षिक पास 80 डॉलरचाच आहे, परंतु परदेशी पाहुण्यांसाठी तो 250 डॉलरचा झाला आहे. आणि यलोस्टोन व ग्रँड टीटन यांसह 11 प्रमुख उद्यानांमध्ये वार्षिक पास नसलेल्या 16 वर्षे व त्यापुढील परदेशी पाहुण्याकडून नेहमीच्या प्रवेशशुल्काव्यतिरिक्त प्रत्येकी 100 डॉलर घेतले जातात. ज्येष्ठांसाठी जो सवलतीचा पास आहे तो 62 वर्षांवरील अमेरिकी नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळतो, त्यामुळे सासू-सासऱ्यांना त्याचा उपयोग नाही. रहिवासी आणि परदेशी पाहुणे एकाच गाडीत असताना काय लागू होते, ते उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावे, सर्वांची ओळखपत्रे हाताशी ठेवावीत आणि अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरावी. मुलगा चौथीत आहे ही जमेची बाजू आहे. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ या योजनेतून मोफत पास मिळतो आणि तो 31 ऑगस्टपर्यंत चालतो, म्हणजे शाळा संपल्यानंतरचा जुलैही त्यात येतो.

चूलबोळकी यांचे उत्तर

अस्वलांच्या प्रदेशात आपला स्वयंपाक निश्चित करता येतो. त्यासाठी शिस्त लागते, आणि ती घरातल्या प्रत्येकाला, पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा, पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगावी लागते.

मूळ नियम असा आहे की, ज्याला वास आहे ते सारे अस्वलाच्या दृष्टीने अन्नच असते. शिधा, बर्फाची पेटी आणि कचरा हे सर्वांनाच सुचते, पण टूथपेस्ट, साबण, उन्हापासून संरक्षणाचे मलम, औषधी गोळ्या, आजींचे केसांना लावायचे खोबरेल, रिकामी पण न धुतलेली पातेली आणि शेगडी हेही त्याच यादीत येतात. वापरात नसताना या सगळ्या वस्तू तंबूच्या जागेजवळच्या लोखंडी पेटीत किंवा काचा पूर्ण बंद केलेल्या गाडीत ठेवाव्या लागतात. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नसावा. फोडणी देताना अंगावर असलेले कपडे रात्री गाडीत ठेवावेत आणि झोपायचे कपडे वेगळे असावेत. हे जाचक वाटेल, परंतु माणसांच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुढे धीट होत जाते आणि शेवटी बहुतेकदा त्याला ठार करावे लागते. आपल्या निष्काळजीपणाची किंमत ते प्राणी मोजतात, हे मुलांना सांगितले की मुले मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे हा नियम पाळतात.

दुसरी गोष्ट उंचीवरच्या शिजवण्याची. यलोस्टोन सरोवराच्या उंचीवर पाणी सुमारे 92 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी कणी राहते आणि गॅस मात्र संपत जातो. लहान प्रेशर कुकर सोबत असला की वरण-भात आणि मुगाची खिचडी घरच्यासारखी होते. कुकर नको असेल तर पिठले, उपमा, भिजवलेल्या पोह्यांचे प्रकार आणि मसूरडाळ यांवर भर द्यावा. डाळ-तांदूळ, मसाला आणि मीठ एकेका जेवणाच्या मापाने घरूनच पिशव्यांत भरून न्यावे, म्हणजे अंधारात बरण्या शोधाव्या लागत नाहीत आणि वासाच्या वस्तूंची संख्याही कमी राहते. भांडी धुतलेले पाणी झाडाखाली ओतू नये. त्यासाठी प्रसाधनगृहांजवळ वेगळी मोरी असते. शिते गाळून कचऱ्यात टाकावीत.

गॅसच्या नळकांड्या आणि अस्वलाला परतवून लावण्यासाठीचा फवारा विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. गॅस सॉल्ट लेक सिटीत घ्यावा. फवारा उद्यानांच्या परिसरात मिळतो. पायवाटेवर तो मोठ्यांपैकी एकाच्या कमरेला हवा, पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नको. तो अंगावर अथवा तंबूवर मारायचा नसतो. अस्वल चालून आल्यास त्याच्या दिशेने सोडायचा असतो. सरपण जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे, कारण दुरून आणलेल्या लाकडातून झाडे पोखरणारे किडे नव्या जंगलात पसरतात. कोरड्या वर्षी शेकोटीवरच बंदी येते, म्हणून स्वयंपाक शेकोटीवर अवलंबून ठेवू नये.

आजोळ यांचे उत्तर

ज्येष्ठांविषयी कुणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. माझ्या आईवडिलांबरोबर आम्ही असा प्रवास केला आहे. त्यांना तंबूतले दिवस अतिशय आवडले आणि तंबूतल्या रात्री जड गेल्या. रात्री दोन वाजता थंडीत बूट चढवून, विजेरी घेऊन प्रसाधनगृहापर्यंत चालत जाणे, हाच त्यांच्या दृष्टीने सगळ्यात कठीण भाग होता. म्हणून दिवस सर्वांचा एकत्र जावा आणि रात्रीची सोय वेगळी असावी, असे मला वाटते.

कोल्टर बे येथे हे सहज जमते. तंबूच्या जागांपासून जवळच लाकडी केबिन आहेत, उपाहारगृह, अंघोळीची व कपडे धुण्याची सोय आहे आणि सरोवराचा काठही लगतच आहे. सासू-सासऱ्यांना केबिनमध्ये ठेवून सकाळचा चहा तंबूपाशी सर्वांनी मिळून घेता येईल. यलोस्टोनमध्ये कॅन्यन आणि ग्रँट येथेही निवासाच्या खोल्या आहेत, पण त्या लवकर भरतात. ते तंबूतच राहणार असतील तर त्यांना गुडघ्याइतक्या उंचीची घडीची खाट द्यावी, उभे राहता येईल असा तंबू घ्यावा आणि प्रसाधनगृहाजवळची जागा निवडावी. अंघोळीची सोय मॅडिसनला नाही, ग्रँट आणि कॅन्यनला आहे. यासाठीच मी मॅडिसनऐवजी ग्रँट निवडेन.

भारतातून आलेल्या माणसांना उंचीचा परिणाम प्रवासाच्या थकव्यासारखाच वाटतो आणि त्याकडे दुर्लक्ष होते. पहिले दोन दिवस चढाचे चालणे टाळावे, पाणी वारंवार द्यावे, आणि रक्तदाब किंवा हृदयाची औषधे सुरू असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. ओल्ड फेथफुलच्या परिसरातील फळ्यांचे मार्ग बरेचसे सपाट आहेत आणि जेनी सरोवरावर नावेने पलीकडे जाता येते, तेव्हा आजींना गाडीत बसून राहावे लागणार नाही.

एका बाबतीत मात्र कसलीही सवलत घेऊ नये. उष्ण झऱ्यांच्या भागात फळ्यांचा मार्ग सोडून एकही पाऊल बाहेर टाकू नये. तिथला जमिनीचा थर पातळ असतो, खाली उकळते पाणी असते आणि त्यात पडून अनेकांनी प्राण गमावले आहेत. पाच वर्षांच्या मुलीचा हात तिथे सतत एका मोठ्या माणसाच्या हातात हवा, आणि तो माणूस छायाचित्रे काढणारा नसावा. रानगवे शांत दिसले तरी त्यांच्यापासून किमान 23 मीटर आणि अस्वले व लांडगे यांच्यापासून किमान 91 मीटर अंतर ठेवणे हा तिथला कायदाच आहे.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही घरात बसून सगळे वाचले आणि दक्षिणेची उद्याने पुढच्या एप्रिलसाठी ठेवली. लालमाती यांनी वर्णन केलेल्या फळबागा तेव्हा पिकलेल्या नसतील याचे वाईट वाटते, पण बहर तरी दिसेल. आता कोल्टर बे, ग्रँट आणि कॅन्यन असे तीन मुक्काम ठरले आहेत. कोल्टर बे येथे सासू-सासऱ्यांसाठी केबिन पाहत आहोत. एकच प्रश्न उरला आहे. दुकानात स्लीपिंग बॅगवर ‘40 अंश फॅरनहाइट’ (सुमारे 4 अंश सेल्सिअस), ‘20 अंश’ (सुमारे उणे 7 अंश सेल्सिअस) असे आकडे आहेत. जुलैसाठी 40 अंशांची पुरेल का?

उत्तरवारा यांचे उत्तर

पुरणार नाही. यलोस्टोनमध्ये जुलैच्या रात्रीही पारा गोठणबिंदूजवळ जाऊ शकतो. शिवाय बॅगवर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा किमान मर्यादेचा असतो, म्हणजे त्या तापमानाला माणूस कशीबशी रात्र काढतो. सुखाने झोप लागण्याचा आकडा त्याहून वरचा असतो आणि तो लेबलवर वेगळा दिलेला असतो. 20 अंशांच्या बॅगा घ्याव्यात आणि सासू-सासऱ्यांसाठी त्यावर एकेक लोकरी पांघरूण ठेवावे. बॅगेइतकेच महत्त्व तिच्या खालच्या गादीला आहे, कारण अंगाच्या वजनाने बॅगेचा खालचा भाग दबतो आणि गारवा जमिनीतून वर येतो. साधी हवेची गादी आतून थंड पडते, म्हणून आत उष्णतारोधक थर असलेली, लेबलवर ‘आर’ मूल्य (उष्णता रोखण्याचे माप) चारच्या आसपास असलेली गादी पाहावी. खाटेवर झोपणाऱ्यांनाही ती लागते, कारण खाटेखालून वारा फिरतो. मुलांसाठी लहान मापाच्या बॅगा मिळतात. मोठ्यांच्या बॅगेत पायाशी रिकामी जागा उरते आणि मूल ती जागा रात्रभर गरम करू शकत नाही. निघण्यापूर्वी एखाद्या थंड रात्री घराच्या अंगणात सहाही जणांना याच अंथरुणांत झोपवून पाहावे, म्हणजे कुणाला काय कमी पडते ते दुकाने जवळ असतानाच कळेल.